‘मुलींना वांझ करणारी लस’: त्या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याचं काय

परत आला तो मेसेज. कुठल्या शाळेत एचपीव्ही (गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू) लशीचा कॅम्प लागला किंवा टीव्हीवर त्या लशीचं काही आलं की हा लगेच फिरायला लागतो आणि या वेळी तर सोसायटीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सगळीकडे एकदमच. ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची जी लस देतात तिनं मुली वांझ होतात, हा बिल गेट्सचा लोकसंख्या कमी करायचा डाव आहे, आंध्रात ७ मुली मेल्या म्हणून सरकारला ती बंद करावी लागली, जपाननंही बंद केली, आधी ३ डोस सांगायचे मग २ आणि आता १ म्हणजे आपल्या मुलींवर प्रयोग चाललाय, आणि शेवटी, हा आजार वाईट चालीच्या बायकांना होतो, आपल्या घरच्या मुलींना त्याची गरजच काय. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पालकांच्या ग्रुपवर त्याखाली एका आईनं लिहिलं, ‘बापरे, आम्ही पुढच्या आठवड्यात घेणार होतो, आता कॅन्सल.’ म्हणून बसून लिहितेय. क्रम फॉरवर्डचा नाही, माझा.

आधी आंध्रातलं घेते, कारण लोक इथेच घाबरतात आणि यात खरं-खोटं असं कालवलंय की पटकन वेगळं काढता येत नाही. २००९ मध्ये पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेनं आयसीएमआर (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आणि राज्य सरकारांना बरोबर घेऊन आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तो तेलंगणात आहे) आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे मिळून २४ हजारांच्या आसपास मुलींना ही लस दिली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, हो, ते खरंय. त्यातल्या ७ मुली नंतर वारल्या, हेही खरंय. पण कशानं वारल्या ही ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते. एक खाणीतल्या पाण्यात बुडाली. एकीला साप चावला. दोघींनी कीटकनाशक प्यायलं. एक मलेरियानं गेली. उरलेल्या दोघींचं कारण एवढं स्पष्ट नव्हतं, एकीला जोरात ताप होता आणि एकीच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता, पण चौकशीत लशीशी संबंध सापडला नाही. चोवीस हजार मुलींचं गाव कल्पना करून बघा, तिथे लस दिली नसती तरी वर्ष-दोन वर्षांत काही पोरी दगावल्याच असत्या, विशेषतः जिथे साप चावल्यावर दवाखान्यात पोचायलाच अर्धा दिवस जातो.

आणि तरीही, त्या प्रकरणात संताप यावा असं पुष्कळ आहे, फक्त फॉरवर्डवाल्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. खम्ममच्या त्या मुलींमध्ये अनेक जणी आदिवासी, घरापासून लांब वसतिगृहात राहणाऱ्या. संमतीच्या फॉर्मवर आईबापाची सही हवी, तर तिथे वॉर्डननं किंवा मुख्याध्यापकांनी सही ठोकलेली. काही फॉर्मवर नुसता अंगठा आणि साक्षीदार कुणीच नाही. लस दिल्यावर कुणाला काही झालं तर त्याची नोंद कोण ठेवणार, पाठपुरावा कोण करणार, याचीही बोंब. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात यावरून पाथ आणि आयसीएमआर दोघांनाही झोडपून काढलंय, आणि बरोबर केलं. आदिवासी मुलीच्या आईला विचारायची गरजच वाटली नाही, हा गुन्हा त्या व्यवस्थेचा. त्याचा अर्थ लशीनं मुली मारल्या असा होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची खिचडी केली की पहिली जी खरी आहे ती पण लोक सोडून देतात.

आता डोसचं, कारण त्याची गोष्ट इथूनच सुरू होते आणि मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात भारी भाग आहे. त्याच सुमाराला भारतात एक पूर्णपणे वेगळा अभ्यास चालू होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा, डॉ. शंकरनारायणन यांच्या पुढाकारानं. त्याची केंद्रं देशभर होती, आपल्याकडे पुणे आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. प्रश्न साधा होता, ३ डोसऐवजी २ पुरतील का. १० ते १८ वयाच्या २० हजार मुली घ्यायच्या ठरल्या. एप्रिल २०१० मध्ये खम्ममवरून गदारोळ झाला आणि सरकारनं अशा सगळ्याच अभ्यासांमधलं एचपीव्ही लसीकरण सरसकट थांबवलं, यातलंसुद्धा. तोवर कुणाचे ३ डोस झालेले, कुणाचे २, आणि जवळपास ५ हजार मुलींचा एकच डोस होऊन बाकीचे राहिले ते राहिलेच.

संशोधकांनी कपाळाला हात लावून घरी जायला हवं होतं. पण त्यांनी या १७ हजारांवर मुलींचा माग सोडला नाही, वर्षानुवर्षं, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्यांचासुद्धा. २०२१ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: एचपीव्हीचे जे दोन प्रकार सगळ्यात घातक, १६ आणि १८, त्यांचा ठाण मांडून बसणारा संसर्ग रोखण्यात एका डोसची परिणामकारकता ९५.४ टक्के आणि तीन डोसची ९३.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आता कुणी म्हणेल की हे तर अपघातानं झालेले गट, चिठ्ठ्या टाकून पाडलेले नाहीत, आणि ही शंका रास्त आहे. म्हणून केनियात नीट चिठ्ठ्या टाकून वेगळी चाचणी झाली, तिथे दीड वर्षानंतर एका डोसचा आकडा ९७.५ टक्के. या सगळ्यावरून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की एक डोससुद्धा चालेल (एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुली सोडून, त्यांना जास्तच लागतात). तेव्हा ‘३ चे २, २ चा १’ हा गोंधळ नाही, मोजून-मापून कमी केलेत. आणि कमी डोस म्हणजे कंपन्यांचा धंदा कमी, हा कुठला डाव म्हणायचा? खाजगी डॉक्टर अजून दोन सांगतील तर दचकू नका, लशीच्या परवान्यात ९ ते १४ साठी दोनच लिहिलेत.

वांझपण. लशीत जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही. यीस्टमध्ये विषाणूच्या फक्त वरच्या कवचाचं प्रथिन तयार करतात, ते आपोआप गोळा होऊन विषाणूसारखे दिसणारे पोकळ गोळे बनतात. करवंटी आहे, आत खोबरं नाही. जनुकं नसल्यामुळे तो वाढूच शकत नाही, संसर्ग करू शकत नाही, अंडाशयात जाऊन काही उद्योग करायचा प्रश्नच येत नाही. तरी लोकांना शंका होती म्हणून अमेरिकेत सुमारे २ लाख मुली-तरुणींच्या नोंदी तपासून पाहिलं की लस घेतलेल्यांची अंडाशयं लवकर निकामी होतात का. नाही झाली, २०१८ मध्ये छापून आलंय. त्रास होतो तो असा: दंड दुखतो, सुजतो, एखादीला ताप येतो, आणि या वयाच्या मुलींना सुई टोचल्यावर भोवळ येऊ शकते म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवतात. कॅम्पमध्ये एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली की मागच्या रांगेतल्या चार जणींना पण गरगरायला लागतं आणि त्याचा व्हिडिओ निघाला की झालं, पुढचे सहा महिने तो फिरतोय.

पोरं न होण्याचं म्हणाल तर ते लशीनं नाही, कॅन्सरनं होतं. तिशी-पस्तिशीत निदान झालं की बहुतेक वेळा एक तर पिशवी काढतात नाहीतर रेडिएशन देतात आणि दोन्हीनंतर मूल विसरायचं. भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरचे सव्वा लाखाच्या वर नवे पेशंट आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू असा अंदाज आहे.

जपानचं पटकन. बंद केली नव्हती, जून २०१३ मध्ये सरकारनं घरोघरी पत्र पाठवून शिफारस करणं थांबवलं, कारण काही मुलींच्या अंगदुखीचे, झटक्यांचे व्हिडिओ टीव्हीवर चालले. ७० टक्क्यांवरचं लसीकरण १ टक्क्याच्या खाली आलं. मग नागोया शहरात ३० हजारांच्या आसपास मुलींकडून माहिती गोळा केली, तर ती लक्षणं लस न घेतलेल्यांमध्येही तेवढीच. एप्रिल २०२२ पासून शिफारस परत सुरू. फॉरवर्ड मात्र २०१३ मध्येच अडकलाय.

आता ते चारित्र्याचं, जे वाचून माझं डोकं खरंच फिरलं. हा विषाणू इतका कॉमन आहे की शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक सगळ्यांना, बायका आणि पुरुष दोघांनाही, आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि १०० पैकी ९० जणींचा दोन वर्षांत आपला आपण जातो. ज्यांचा जात नाही त्यांच्यात १५-२० वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. बाई एकाच नवऱ्याबरोबर संसार करत असेल तरी नवऱ्यानं लग्नाआधी कुठून आणला असेल तर ती काय करणार? लांबचं उदाहरण नको, आपला धाराशिव जिल्हा घ्या, तेव्हाचा उस्मानाबाद. १९९९-२००० पासून तिथल्या खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांवर एक प्रचंड मोठा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्याच त्या हॉस्पिटलनं केलेला. एचपीव्ही तपासलेल्या बायकांमध्ये दहातल्या साधारण एकीला तो निघाला. शेतात खुरपायला जाणाऱ्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या, बहुतेक लवकर लग्न झालेल्या बायका. त्यांची चाल विचारायला जाणार आहे का कुणी?

शिवाय हिपॅटायटिस बी पण रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, त्यानं लिव्हरचा कॅन्सर होतो, आणि त्याची लस आपण बाळ जन्मल्याबरोबर चोवीस तासांत टोचून घेतो. तिथे कुणी बाळाचं चारित्र्य काढत नाही. इथे फक्त मुलगी वयात येतेय म्हणून सगळ्यांच्या भुवया वर. ९ ते १४ हे वय धरलंय कारण विषाणू आधी शिरला तर लस त्याला बाहेर काढू शकत नाही. स्वीडनमध्ये १६ लाखांवर मुली-बायकांच्या नोंदींवरून दिसलं की १७ व्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी, उशिरा घेतलेल्यांना फायदा त्याहून कमी. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये तर २०२४ च्या अहवालापर्यंत या कॅन्सरची एकही केस नव्हती. आणि हो, पुण्याच्या सीरमनं २०२३ मध्ये स्वतःची सर्व्हाव्हॅक आणली, त्यामुळे कुणी ‘परदेशी लस’ म्हणत असेल तर तो पण मुद्दा गेला.

एक गोष्ट मात्र लशीच्या बाजूनं बोलणारेही सांगत नाहीत. लस घेतली म्हणजे विषय संपला असं नाही, १६ आणि १८ मिळून जगभरातले ७० टक्के कॅन्सर होतात, बाकीचे इतर प्रकारांनी. त्यामुळे तपासणी राहतेच, आणि ज्या आयांच्या वेळी लसच नव्हती त्यांना तर ती आत्ता लागते, तिशीनंतर, अंगावरून पांढरं किंवा लाल जायची वाट न बघता. त्या उस्मानाबादच्या अभ्यासात आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले. ती टेस्ट महाग वाटत असेल तर टाटानं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर दुसरं करून दाखवलंय, व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिड पातळ करून पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का बघायचं. बघणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, ट्रेनिंग दिलेल्या दहावी पास बायका होत्या, आणि तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.