पान 112 च्या आधी उघडू नये

माझं वय 47. सध्या मी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या काळजीत आहे. पोटच्या नव्हे. पोटची पलीकडच्या खोलीत सुखरूप आहे, तिला फक्त फिजिक्स येत नाही. ही दुसरी. हिचं राज्य एका दुष्ट राणीने बळकावलंय, धाकट्या भावाला सैनिकांनी उचलून नेलंय आणि त्या सैनिकांच्या म्होरक्याचे डोळे करडे आहेत. डोळे करडे असले की पुढे काय होणार हे मला एव्हाना कळतं. तरी रात्री दीड वाजेपर्यंत दिवा चालू असतो आणि नवरा तोंडावर उशी घेऊन झोपतो.

या कादंबऱ्यांना 'यंग अडल्ट' म्हणतात, लाडाने वायए. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या. त्या हिशेबात मी बसत नाही हे मला मान्य आहे. पण 2012 साली बाउकर या संस्थेने अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी 55 टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. मुलांसाठी नेत असतील म्हणावं, तर बहुतेकांनी सांगितलं की स्वतःलाच वाचायची आहेत! हा आकडा मी पाठ करून ठेवलाय. लोकलमध्ये मटार सोलणारी शेजारीण माझ्या पुस्तकावरचा खंजीर आणि गुलाब बघून "मुलीचं का?" असं विचारते, तेव्हा तो तिच्या तोंडावर फेकायचा असतो. प्रत्यक्षात मी "हो ना" म्हणते.

मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, "आई, प्लीज, माझ्या मैत्रिणींसमोर नको."

मला ही पुस्तकं आवडतात कारण त्यांत काहीतरी घडतं. मोठ्यांच्या कादंबरीत एक प्राध्यापक खिडकीतून बाहेर बघत बसतो आणि शंभर पानांनी ती खिडकी लावून घेतो. इथे तेवढ्या पानांत एक युद्ध, दोन विश्वासघात आणि एक चुंबन उरकलेलं असतं. खोडी एकच, या पुस्तकांत आई जगत नाही. बहुधा पहिल्या प्रकरणाच्या आधीच ती वारलेली असते आणि मागे एक लॉकेट ठेवून गेलेली असते. त्यामागचं कारण मला समजतं. आई जिवंत असेल तर सोळा वर्षांची पोर रात्री अकराला तलवार घेऊन बाहेर पडेलच कशी? "कुठे निघालीस? कोण कोण आहे बरोबर? खाऊन जा." संपली क्रांती. आपल्या भा. रा. भागवतांनी हा पेच जास्त माणुसकीने सोडवला होता. फास्टर फेणेला शिकायला पुण्यात ठेवला आणि आई-वडिलांना फुरसुंगीला. कोणाला मारायला लागलं नाही, हडपसरच्या थोडं पुढे ठेवलं की काम झालं.

शिवाय प्रत्येक नायिका एकदा तरी 'आपण रोखून धरला आहे हे तिला माहीतच नव्हतं असा श्वास' सोडते. आमच्या सोसायटीच्या प्राणायाम वर्गात मी रोज सकाळी तेच करते, पण तिथे समोर फक्त दुसऱ्या मजल्यावरचे लेले असतात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुस्तक आणायचं, दोन रात्रींत संपवायचं, तिसऱ्या रात्री झोपायचं. मग मला खोक्याचा नाद लागला.

म्हणजे असं, की दर महिन्याला पैसे भरायचे आणि त्यांनी निवडलेलं एक पुस्तक, चार-पाच चिल्लर भेटवस्तूंसह, खोक्यात घालून घरी पाठवायचं. आत काय आहे हे उघडेपर्यंत कळत नाही. नुसतं पुस्तक टपालाने पाठवायची कल्पना बरीच जुनी. न्यूयॉर्कमध्ये 1926 साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला, त्याचं पहिलंच पुस्तक भावाच्या घरी राबून कंटाळलेल्या आणि खेड्यात जाऊन चेटकीण झालेल्या एका अविवाहित बाईचं होतं. चेटूक तेव्हापासूनच आहे. 'नको असेल तर कळवा, नाहीतर पाठवतोच' ही युक्तीही त्याच क्लबने रुळवली. माझ्या खोकेवाल्यांनी ती भक्तिभावाने जपली आहे. ठरावीक तारखेच्या आत 'स्किप' दाबायचं असतं. दाबायच्या आधी थीम वाचते, 'रक्त, मुकुट आणि विश्वासघात'. मागच्या महिन्यात 'मुकुट, विश्वासघात आणि रक्त' होतं. पण हे पुस्तक हुकलं तर, अशी धाकधूक सुरू होते आणि तारीख उलटते.

आपोआप पैसे कापायचे असतील तर 24 तास आधी खातेदाराला कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम उत्तम. फक्त कार्ड नवऱ्याचं आहे. त्यामुळे दर महिन्याला एका ठरलेल्या संध्याकाळी तो चहा पिता पिता मोबाइलकडे बघतो आणि म्हणतो, "उद्या तुझी राणी येतेय."

पहिलं खोकं मी थेट इंग्लंडहून मागवलं होतं. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही एवढ्याच ज्ञानावर मी निर्धास्त होते. पण पुस्तकाबरोबर मोजे, मेणबत्ती आणि राजपुत्राचं चित्र असलेली उशीची खोळ आली, तर कस्टमवाल्यांनी ते वाङ्मय का समजावं? पोस्टमनने दारात ड्यूटीची पावती पुढे केली. रक्कम वाचून रोखून धरलेला श्वास मला चांगलाच माहीत होता. पुढल्या महिन्यापासून मी देशी खोक्यावर आले.

खोकं आलं की वॉचमन खालूनच ओरडतो, "मॅडम, तुमचं खोकं आलंय एक!" एकदा तिथे सोसायटीचे चेअरमन उभे होते. ते म्हणाले, "एकच?"

आता आतल्या वस्तूंबद्दल. प्रत्येक भेट वेगळी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर चिकटवलेलं असतं, 'पान 112 च्या आधी उघडू नये'. नायिकेला 112 व्या पानावर अंगठी सापडते, तेव्हा आपणही पुडी उघडायची आणि तीच अंगठी आपल्या हातात! किती गोड कल्पना. ती ज्याने काढली त्याच्या घरी सासूबाई नसाव्यात. मी ऑफिसातून येईपर्यंत आमच्याकडे सगळ्या पुड्या फोडून, कागद घडी घालून गादीखाली गेलेला असतो. जेवताना त्या विचारतात, "ती विषाची बाटली कशाला गं पाठवलीय? कोण मरतंय?" 260 व्या पानावर कोण मरतंय हे मला अशा रीतीने आमटी वाढताना कळलं.

मेणबत्तीला 'भिजलेलं अरण्य, जुने ग्रंथ आणि सूड' असा सुवास होता. लाइट गेली तेव्हा सासूबाईंनी ती देवघरात लावली आणि म्हणाल्या, "ओव्याचा वास येतोय." कापडी पिशवीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'खलनायकावर माझा जीव जडलाय' असं लिहिलेलं आहे. ती घेऊन नवरा रविवारी बाजारात जातो. वर मेथीची जुडी, खाली खलनायक. तो वाचायच्या भानगडीत पडलेला नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

एवढं होऊनही खरा घोळ त्रयीचा. पहिला भाग खोक्यात आला, खास आवृत्ती. पानांच्या कडा जांभळ्या रंगवलेल्या, त्यांवर चंदेरी वेली, आत लेखिकेची सही. दुसरा भाग खोकेवाल्यांनी निवडलाच नाही. तो दुकानातून घेतला तर अर्ध्या इंचाने बुटका निघाला, वर तोपर्यंत प्रकाशकाने मुखपृष्ठाची धाटणीच बदललेली. तिसरा भाग लेखिका अजून लिहितेय. फळीवर दोघं शेजारी ठेवले की मला मधेच उठून ते सरळ करावेसे वाटतात, आणि ते सरळच असतात.

नवऱ्याने हे सगळं पेपरवाल्याच्या बिलाइतक्याच अलिप्तपणे सोसलं होतं. मग एके दिवशी त्याला इंटरनेटवर दिसलं, की तीच जांभळ्या कडांची, सहीवाली प्रत कोणीतरी तिप्पट किमतीला विकायला काढलीय. तो तडक स्वयंपाकघरात आला. मी ती प्रत ओट्यावर उघडी पालथी घातली होती आणि पानं मिटू नयेत म्हणून वर पोह्यांची बशी ठेवली होती.

"अगं, पाठ मोडेल ना त्याची!" तो कळवळून ओरडला. माझ्या पाठीबद्दल त्याने असा आवाज काढल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून पुस्तकं कपाटात आहेत. प्रत्येकाला प्लॅस्टिकचं वेष्टन, शेजारी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, वरच्या खणात एफडीच्या पावत्या. किल्ली त्याच्याकडे. तो रोज भाव बघतो. लेखिकेच्या तब्येतीचीही चौकशी करतो, तिसरा भाग वेळेवर यायला हवा म्हणून. या महिन्याचं खोकं आलं तेव्हा त्याने ते सासूबाईंच्या हाती लागू दिलं नाही, स्वतः गुपचूप वर आणलं.

"वाचायचं असेल तर मोबाइलवर वाच," तो म्हणाला.

"मग खोकं कशाला मागवायचं?"

यावर तो खरोखर विचारात पडला. लाइटबिलाच्या पाठीवर काहीतरी गुणाकार केला, दोनदा तपासला.

"असं करू," तो म्हणाला, "दोन मागवू. एक तुला, एक कपाटाला."