पहिला नंबर कसा लावावा

युद्धकाळातला एखादा शोध आपल्या देशाच्या नावावर चढवायचा असेल, तर शोधापेक्षा विशेषणाकडे लक्ष द्या. ‘पहिलं’ हा शब्द नुसता वापरायचा नसतो. त्याच्यापुढे ‘पेटंट घेतलेलं’, ‘उडालेलं’, ‘जाहीर केलेलं’ असं काहीतरी चिकटवायचं, आणि आपलं घोडं शर्यतीत एकटंच उरेपर्यंत चिकटवत राहायचं.

सरावाला जेट विमान घ्या. ब्रिटनचे पाठीराखे असाल तर ‘पेटंट’ धरून बसा: फ्रँक व्हिटलनं १९३० सालीच अर्ज केला होता. १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड न भरल्यामुळे ते पेटंट बुडालं, हे आपण होऊन काढायचं नाही. समोरच्यानं काढलंच तर हवाई खात्याच्या करंटेपणावर घसरायचं. जर्मनीचे असाल तर पेटंट हा शब्दच विसरा आणि ‘उड्डाण’ म्हणा: हाइन्केल १७८, २७ ऑगस्ट १९३९. ब्रिटिशांचं ग्लॉस्टर उडायला १५ मे १९४१ उजाडला. इटलीवाल्यांनी ‘अधिकृत नोंद’ म्हणावं. जर्मनांनी आपलं विमान गुलदस्त्यात ठेवलं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय हवाई महासंघानं ऑगस्ट १९४० मध्ये उडालेल्या कॅप्रोनी-कँपिनीलाच पहिलं ठरवलं. त्या विमानात खऱ्या जेट इंजिनातलं टर्बाइन नव्हतं, कॉम्प्रेसर फिरवायला नेहमीचं पिस्टनचं इंजिन होतं. तेव्हा झाकण उघडू देऊ नका. रुमानियाची पद्धत मात्र सगळ्यांत टिकाऊ. आंरी कोआंडाचं १९१० सालचं विमान उडाल्याची कहाणी चाळीसेक वर्षांनी बाहेर आली, पण बुखारेस्टच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. विमानतळाशी हुज्जत कोण घालणार?

एनिग्माच्या, म्हणजे जर्मनांच्या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्राच्या, वाटेला जाताना घाई नको. तिथे प्रत्येक पाचर मोजूनमापून मारावी लागते.

ब्रिटिश बाजू घेणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे पोलंड. १९३२ च्या डिसेंबरात मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञानं जर्मन लष्करी एनिग्माच्या चकत्यांमधली (अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या फिरत्या चाकांमधली) तारांची जोडणी समीकरणं मांडून शोधली. जर्मन फितुराकडून विकत घेतलेले कागद फ्रेंचांनी पुरवले होते, तरी समीकरणं सुटेनात. घोडं पेंड खात होतं ते एका क्षुल्लक जागी: कळफलकाच्या तारा चकत्यांकडे नेताना कुठल्या क्रमानं लावल्यात? बाजारात मिळणाऱ्या यंत्रात त्या कळफलकाच्याच क्रमानं होत्या, क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, झेड. रेयेव्स्कीनं विचार केला, जर्मन माणूस शिस्तीचा, लष्करासाठी सरळ ए, बी, सी, डी लावलं असेल. तसंच निघालं! ब्रिटिशांचे संकेत फोडणारे डिली नॉक्स याच कोड्यापाशी अडून बसले होते. उत्तर त्यांना जुलै १९३९ मध्ये, वॉर्सॉजवळच्या पिरीच्या जंगलात, पोलिशांनी सगळा संसार समोर मांडला तेव्हा कळलं.

या सगळ्याला तुम्ही ‘मोलाचं सहकार्य’ म्हणायचं. लग्नात पंगत वाढणाऱ्याचे आभार मानतात, फोटोला बोलवत नाहीत, तसं.

पोलंडच्या बाजूनं भांडणार असाल तर झाकायच्या गोष्टी वेगळ्या. १९३८ च्या डिसेंबरात जर्मनांनी आणखी दोन चकत्या वापरात आणल्या. तीन चकत्या यंत्रात बसवायचे सहा क्रम होतात, पाचांतून तीन निवडायच्या म्हटल्यावर साठ झाले. पोलिशांची चकत्यांची मांडणी शोधणारी ‘बोम्बा’ यंत्रं होती सहा, क्रमाला एक. त्याच शोधासाठी भोकं पाडलेले मोठाले तक्तेही लागायचे, एका क्रमाला सव्वीस, आणि एकेका तक्त्यावर शेकडो भोकं पात्यानं कापून काढायची. दोन क्रमांचे संच झाले, अठ्ठावन्न राहिले. पुढे १ मे १९४० ला जर्मनांनी संदेशाची किल्ली (चकत्या कुठून सुरू करायच्या ती अक्षरं) दोनदा टंकायची सवयच सोडली आणि त्या सवयीवर उभी असलेली ही सारी पद्धत निकामी झाली. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचं यंत्र या सवयीवर अवलंबून नव्हतं. संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज धरायचा, एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःचंच रूप घेत नाही या खोडीवर तो कुठे बसतो ते पाहायचं, आणि मग यंत्राला कामाला लावायचं. त्याचा सहकारी गॉर्डन वेल्चमननं त्यात कर्णफलक (डायगोनल बोर्ड) हा तारांचा जादा फलक जोडला, तेव्हा त्याला खरा वेग आला. हे बोलू नका. ‘सगळं आम्हीच केलं’ एवढंच म्हणा.

अमेरिकेसाठी शिकागोच्या संग्रहालयातली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी दाखवा, पण पकडल्याची तारीख विचारू देऊ नका: ४ जून १९४४. ब्रिटिश नौसैनिकांनी यू-११० वरून एनिग्मा यंत्र आणि कागदपत्रं काढली ती मे १९४१ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याआधी सात महिने. १९४२ साली यू-५५९ मधून संकेतपुस्तिका वर देणारे दोघं तर पाणबुडीबरोबरच बुडाले. हॉलिवूडनं २००० साली एका चित्रपटात असला पराक्रम अमेरिकन खलाशांच्या नावावर लावला आणि ब्रिटिश संसदेत त्यावर त्रागा झाला. अमेरिकेचं खरं काम डेटनमध्ये झालं. चार चकत्यांच्या एनिग्मासाठी शंभराहून जास्त यंत्रं तिथे बनली. पण ती दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत बनली, म्हणून त्यावर चित्रपट निघत नाही.

संगणकाला फार वेळ देऊ नका. जर्मनांनी ‘प्रोग्रॅमवर चालणारा’ म्हणावं (झूसचा झेड-३, १९४१, रिलेवर, म्हणजे विजेच्या चुंबकी खटक्यांवर, चालणारा), ब्रिटिशांनी ‘इलेक्ट्रॉनिक’ (कोलोसस, १९४४), अमेरिकनांनी ‘सर्वकामी’ (एनियाक). १९७३ साली मिनियापोलिसच्या न्यायालयानं एनियाकचं पेटंट रद्द करून मूळ कल्पना अमेरिकन प्राध्यापक जॉन अटानासॉफ यांची ठरवली. त्यांचे वडील बल्गेरियातून आलेले, म्हणून बल्गेरियाही रांगेत आहे. जागा द्या.

आपल्याकडे काय करावं? गिरगाव चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी विमान उडवलं, हे ठणकावून सांगा. ‘केसरी’त छापून आलं होतं म्हणा, अंकाची तारीख कुणी मागितली तर त्याला पाश्चात्त्यांचा गुलाम म्हणा. म्हैसूरच्या अग्निबाणांचं नाव मात्र चुकूनही घेऊ नका. लोखंडी नळीत दारू ठासल्यामुळे दाब वाढून पल्ला लांबला, श्रीरंगपट्टणहून ते बाण इंग्लंडातल्या वुलिचच्या शस्त्रागारात गेले आणि विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजानं त्यावरून आपले बनवले, हे इंग्रजच लिहून ठेवतात. २०१८ साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात एका पडक्या विहिरीत हजाराहून जास्त बाण गंजलेले सापडलेसुद्धा. इतका पुरावा असला की भांडायला काही उरतच नाही.