‘चोचले’ म्हणणाऱ्या वाचकासाठी

नमस्कार. मुलाखतीला जाताना आपणही विचारायचे प्रश्न तयार ठेवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “ज्याला नोकरीची गरज आहे त्याला हे चोचले परवडत नाहीत. पाठ केलेले प्रश्न विचारणारा पोपट लगेच ओळखू येतो. आणि पगाराबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प.” वर “घरबसल्या सल्ले द्यायला काय जातं” ही पुस्तीही जोडलीत.

लेख पटला नाही, एवढं साधं लिहिता आलं असतं. पण मग चार लोकांसमोर कुणाला तरी झापल्याचं समाधान कुठून मिळणार?

लेखातली प्रश्नांची यादी लांबली, हे मान्य. शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हणतात तेव्हा पाच-दहा मिनिटं उरलेली असतात, त्यात दोन-तीन प्रश्न झाले तरी खूप. बाकीचे हाताशी ठेवायचे, कारण काहींची उत्तरं आधीच्या बोलण्यात येऊन गेलेली असतात.

आता ते ‘चोचले’. गरज काय असते हे मला तुम्ही सांगू नका. हातात काम नव्हतं, हप्ते थकले होते, अशा दिवसांत मी एका मुलाखतीत विचारलं होतं, “ही जागा नवीन आहे, की कुणी सोडून गेलंय?” समोरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मग कळलं, आधीचा माणूस प्रोबेशनमध्येच गेला होता, आणि त्याच्या आधीचाही. पुढे विचारलं, “पहिल्या तीन महिन्यांत काय झालं म्हणजे माणूस जमला असं तुम्ही म्हणाल?” दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली, तीही माझ्यासमोर!

नोकरी मी घेतली. घ्यावीच लागली. पण होकार कळवण्याआधी प्रोबेशनची मुदत, त्या काळातला नोटीस पिरियड आणि रिपोर्टिंग कुणाला, हे सगळं ईमेलवर लेखी मागून घेतलं. पुढे दोन साहेबांच्या ओढाताणीत तोच ईमेल कामी आला. न विचारता रुजू झालो असतो तर मीही आधी सोडून गेलेल्या त्या दोघांच्याच वाटेने गेलो असतो. ज्याच्या हातात चार ऑफर आहेत त्याने एक वेळ नाही विचारलं तरी चालेल. चुकलं तर तो दुसरीकडे जाईल. गरजूला ती सोय नसते. तेव्हा चोचले कुणाचे, हे आपणच ठरवावं.

नंतर टेबलाच्या पलीकडेही मी बरीच वर्षं बसलो. “काही प्रश्न नाहीत” म्हणणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून मी कधी नापास केलं नाही. पण “टीमचा सगळ्यात जास्त वेळ सध्या कशात जातो?” असं कुणी विचारलं की मीच सावरून बसायचो. त्याने तो प्रश्न घरून पाठ करून आणला होता की नाही, याची मला फिकीर नव्हती. तुम्ही तुमची उत्तरं पाठ करून जात नाही का? पोपट म्हणायचंच तर कंपनीच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर असलेली गोष्ट विचारणाऱ्याला म्हणा.

पगाराचं म्हणाल, तर तो विषय एचआरच्या फेरीतला. कामाचा साहेब समोर असताना त्याच्याकडून कामाचं काढून घ्यावं. हे लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे. तिथवर आपण पोचला नसाल.