लग्नाच्या कॅसेटचे तुकडे का झाले: खानापूरच्या ताईंच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की लग्नाच्या तीन मिनी डीव्ही कॅसेटच्या तीन फाइली मिळायच्या, त्याऐवजी फोल्डरभर तुकडे मिळाले. हळदीचा शेवट गायब आहे. चुलतभावाच्या कॅसेट दुसऱ्या दुकानात लगेच झाल्या, आमच्याकडे मात्र पावसाळा सरत आला. आणि शेवटी, "यांनीच कॅसेट खराब केली." पहिल्या तिन्ही गोष्टींना कारणं आहेत, ती सांगतो. शेवटची गोष्ट खरी नाही. ती वाचून कुणी घरातल्या कॅसेट कपाटातच ठेवून दिल्या तर त्या तिथेच संपतील, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मिनी डीव्ही टेपवर चित्र आणि आवाजाबरोबर प्रत्येक फ्रेमला नंबर पडलेला असतो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. हाच टाइमकोड. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की कॅमेरा टेपवरचा आधीचा नंबर वाचतो आणि तिथून पुढे मोजत जातो. आधीची जागा कोरी असेल तर वाचायला काहीच नसतं. मग तो शून्यापासून सुरू करतो.

तुमच्या पहिल्या कॅसेटवर तेच झालंय. हळदीचं शूटिंग संपतं, मग काही सेकंद टेप कोरी आहे, आणि पुढे दुसऱ्या दिवशी सकाळचं गौरीहर पूजन सुरू होतं. तिथे नंबर पुन्हा ००:००:००:००. शूटिंगवाल्याने मध्ये कॅसेट काढून घातली असेल, नाहीतर घरच्यांना मागचं दाखवून टेप थोडी पुढे नेऊन सोडली असेल. त्या काळी सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर शेवटचं रेकॉर्डिंग शोधायला एंड सर्चचं बटण असायचं, पण लग्नघराच्या गडबडीत ते दाबायला कुणाला सुचतं? शिवजयंतीच्या चित्ररथांच्या कॅसेट घेऊन मंडळांची पोरं येतात, त्यांत तर असे तुटलेले टाइमकोड जागोजागी असतात. रात्रभराची मिरवणूक, कॅसेट या हातातून त्या हातात.

आता तुमच्या त्या एकाच टेपवर दहावं मिनिट दोनदा आहे, एक हळदीचं आणि एक लग्नाच्या सकाळचं. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला की नवा पोस्टमन पहिल्या घरात पत्र टाकून निघून जातो, तसं कॅप्चरचं, म्हणजे टेपवरचं संगणकात उतरवून घ्यायचं, सॉफ्टवेअर नंबर बघून टेप मागे-पुढे नेतं आणि पहिला सापडला तिथे थांबतं. दुसऱ्या घराचं पत्र राहिलंय हे त्याला कळतच नाही. काही सॉफ्टवेअर तुटलेल्या जागी थांबून एरर तरी दाखवतात. काही मात्र मधला भाग गाळून पुढे जातात आणि एक सलग फाइल हातात देतात. त्या फाइलीत काय नाही, हे घरच्यांना वर्षभराने कळतं.

आणखी एक अडचण असते. टेपने वेग धरावा म्हणून हवी ती जागा येण्याच्या काही सेकंद आधीपासून मशीन ती चालवतं. तुटलेल्या टाइमकोडच्या अगदी लगत काही असेल तर मागे जायला त्या क्रमातले नंबरच नसतात. तुमच्या दुसऱ्या कॅसेटवर अक्षतेच्या बरोबर आधी असाच तुटलेला टाइमकोड आहे. भटजींचं "स्वस्ति श्री गणनायकं" सुरू होतं तेव्हा नव्या नंबरांची जेमतेम दोन सेकंदं झालेली असतात. आपोआप कॅप्चर केलं असतं तर पहिलं मंगलाष्टक अर्ध्यावरून सुरू झालं असतं.

म्हणून आम्ही मशीनवरचा संगणकाचा ताबा काढून टाकला. टेप कोऱ्या जागेपासून हाताने चालवली, मशीन आणि संगणक जोडणाऱ्या फायरवायर केबलने येईल ते सगळं घेतलं, टाइमकोड काहीही सांगो. डीव्हीमध्ये टाइमकोडशिवाय शूटिंगची तारीख आणि वेळही वेगळी नोंदलेली असते. तुमच्या शूटिंगवाल्याने कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं होतं, हे फार चांगलं झालं. प्रत्येक तुकड्याचं नाव त्या तारीख-वेळेचं आहे. नावाने क्रम लावा, हळदीपासून वरातीपर्यंत सगळं ओळीने येईल. नंतर डीव्हीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने फ्रेम न् फ्रेम तपासली. नंबर कुठे उडी मारतो, चित्र कुठे बिघडलंय, याची यादी निघते. तुमच्या तिन्ही कॅसेटची यादी माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा देतो.

काही तुकडे मात्र तुमच्या पेन ड्राइव्हमुळे पडले. एक तासाची टेप मूळ दर्जात साधारण १३ जीबी होते. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. म्हणजे साधारण १९ मिनिटांनी तोडावंच लागतं. चित्र दाबून लहान फाइल करता आली असती, पण दाबलेलं पुन्हा मूळ दर्जाचं होत नाही, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय ते करत नाही.

हळदीच्या शेवटाबद्दल लिहिताना मलाही वाईट वाटतंय. तुमची आत्या हात पुढे करते, हळद गालाला लागायच्या आतच चित्र बदलतं आणि अंगणातला मांडव दिसतो. तिथे टाइमकोड तुटलेला नाही, एकाही फ्रेमचा फरक नाही, आणि टेप निरोगी आहे. अशा जागी बहुतेक वेळा टेप मागे घेऊन बघितलेली असते आणि पुढचं शूटिंग त्या आधीच्या चित्रावरच झालेलं असतं. कॅमेऱ्याला मागचा नंबर मिळतो, मोजणी सलग राहते, खालचं मात्र पुसलं जातं. टाइमकोड तुटला तिथे तुमचं सगळं शाबूत आहे, आणि जिथे तो सलग दिसतो तिथेच हा तुकडा गेलाय. पुसलेलं परत आणायची सोय कुठल्याच दुकानात नाही. आत्या आता नाहीत हे तुम्ही सांगितलं होतं, म्हणून तीच जागा दुसऱ्या मशीनवरही चालवून बघितली. चित्र तिथेच बदलतं.

वेळ लागला तो तिसऱ्या कॅसेटमुळे. खानापूरच्या पावसात वर्षानुवर्षं लाकडी कपाटात राहिलेली, टेपच्या कडेला पांढरी बुरशी. ती तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर जाते. आधी कोरडी होऊ दिली, मग साफ केली. त्यात ती एलपी मोडवर होती, म्हणजे तेवढ्याच टेपवर जास्त वेळ मावावा म्हणून दाटीने रेकॉर्ड केलेली. नेहमीच्या एसपी मोडमध्ये टेपवर नोंदीचा प्रत्येक पट्टा १० मायक्रॉन रुंद असतो, एलपीत सुमारे ६.७, म्हणून एका कॅमेऱ्याची एलपी टेप दुसऱ्या मशीनवर नीट चालेलच याची खात्री नसते. आमच्या नेहमीच्या मशीनवर चित्राचे चौकोन-चौकोन होत होते, दुसऱ्यावर स्वच्छ आलं. आणि टेप जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती चालवावी लागते, घाई करता येत नाही. चुलतभावाची कॅसेट चांगली राहिली असेल तर ती लवकर होणारच.

तुम्हाला घरच्यांसोबत बसून बघायला सलग फाइल हवी आहे, ते रास्तच आहे. ती करून देतो, जोडणीचे पैसे नाहीत. फक्त दोन गोष्टी. रिसेप्शनची कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्याची आहे, तिचा आवाज ३२ किलोहर्ट्झचा आणि बाकीच्यांचा ४८चा. तसंच जोडलं तर पुढे पुढे आवाज ओठांशी जुळत नाही, म्हणून आधी तो बदलून घ्यावा लागेल. आणि मूळ तुकडे पुसू नका, सलग फाइल त्यांच्यावरूनच होते.

येताना पेन ड्राइव्ह नको, निदान १०० जीबी मोकळी असलेली हार्ड डिस्क आणा. कॅसेटही टाकून देऊ नका. पूर्ण रिवाइंड करून डबीत उभ्या ठेवा, आणि मागची छोटी पट्टी सेव्हकडे सरकवा, म्हणजे चुकून कुणी वर रेकॉर्ड करणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. आधी फोन केलात तर तुमच्यासमोरच जोडायला घेतो.