सगळेच ठळक

आमच्या देवळातल्या जत्रेच्या नाटकाचं हँडबिल परवा छापून आलं. ५०० प्रती. त्यात माझंही नाव आहे, यावर घरात कोणाचा विश्वास बसेना. भिंग आणून दाखवलं, तेव्हा बसला.

मजकूर माझाच. गोव्यात आम्ही भांडतो, मासळीचा भाव करतो, शेजाऱ्याची निंदा करतो ती कोकणीत. पण आरती, जत्रेचं नाटक आणि त्याचं हँडबिल मराठीत. मराठी 'शुद्ध' हवी म्हटलं की गावाला निवृत्त मास्तर आठवतो, एरवी आठवत नाही. यादी हातात ठेवताना अध्यक्षांनी एवढंच बजावलं, "सगळ्यांची नावं ठळक करा. रुसवेफुगवे नकोत." नावं २३.

फोंड्याच्या बाजारातल्या एका दुकानात संगणकावर बसलेल्या मुलीने तेवीसच्या तेवीस ठळक केली. कागदावर डांबर सांडल्यासारखं दिसू लागलं. म्हटलं, "बाय, निदान प्रमुख पाहुण्यांचं नाव अधोरेखित कर." तिने केलं, आणि शाळेत तीस वर्षं फळ्यावर रेघा मारूनही जे माझ्या लक्षात आलं नव्हतं ते आलं. इंग्रजीवाल्यांकडे थोरली अक्षरं आहेत, तिरकी आहेत. आपल्याकडे थोरलं-धाकटं काही नाही. अक्षराच्या डोक्यावर एक रेघ आधीचीच. खालून दुसरी मारली की उकार छाटले जातात. पाहुण्यांच्या नावात आणि हुद्द्यात मिळून चार उकार होते. चौघांचेही पाय गेले.

"मग भर कसा द्यायचा, सर?" मुलीने विचारलं.

"जोर अक्षरांत नासता, बाय. पोटांत आसता."

हे मी म्हटलं नाही. मागे एक गृहस्थ उभे होते. एका हातात आधारकार्ड, दुसऱ्या हातात बांगडे भरलेली पिशवी. पिशवीतलं बर्फाचं पाणी थेंबथेंब माझ्या चपलेवर. एका झेरॉक्ससाठी आले होते. ती काढून मिळाली तरी गेले नाहीत.

"हांवें धा वर्सां दूताचें काम केलां," ते म्हणाले. नाटकात वाक्य एकच : 'महाराज, शत्रू वेशीपाशी आला आहे.' दहा वर्षं, तेवढंच. पण दर जत्रेला जोर वेगळ्या शब्दावर. मुलीने माऊस सोडला. गृहस्थांनी बांगडे माझ्या हातात दिले (मी घेतले का, हे मला अजून कळलेलं नाही) आणि झेरॉक्स मशीनला महाराज समजून मुजरा घातला.

पहिल्या वर्षी जोर 'शत्रू'वर. लोक गंभीर झाले. दुसऱ्या वर्षी 'वेशीपाशी'वर. मागच्या रांगेतल्या दोन बायका वळून खरंच रस्त्याकडे बघू लागल्या. एकदा 'आला'वर, एकदा 'आहे'वर. "आहे म्हटल्यार अजून वचूंक ना!" म्हणजे अजून गेलेला नाही. हा बारकावा प्रेक्षकांपर्यंत पोचला नाही याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर ताजं होतं. आणि एका वर्षी त्यांनी जोर 'महाराज'वर दिला. रात्रीचे तीन वाजलेले, महाराज म्हणजे त्यांचाच मेव्हणा, सिंहासनावर पेंगत होता. तो असा दचकला की मुकुट गडगडत पेटीवाल्याच्या मांडीवर. पुढल्या वर्षी दूताचं काम दुसऱ्याला मिळालं.

"आनी हें कितें?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. शेवटची ओळ : 'रसिकांनी उपस्थित राहावे.' "राहावे म्हटल्यार लोक घराच रावतले! 'च' घाल, बाय. राहावेच."

मी समजावलं की 'राहावेच' म्हटलं की कोर्टाचं समन्स वाटतं. 'च' फार जपून वापरायची चीज. 'नाटकाला यावेच' ही धमकी. 'नाटकालाच यावे' म्हणजे जेवायला थांबू नये. ज्ञानदेवांच्या मराठीत हाच 'चि' होता. ७०० वर्षांत इकार गळला, पण जोर कमी झाला नाही; या गृहस्थांच्या कोकणीतही तोच 'च' बसलेला. मला बोलायला माणूस मिळाला की मी थांबत नाही. जोर दाखवणारे शब्द पाहा म्हटलं : ठळक, ठाम, ठासून, ठणकावून, ठसठशीत. 'ठ' हा जन्मतःच छाती काढलेला. रंगांना तर मराठीने एकेक अंगरक्षकच दिलाय. काळ्याला कुट्ट, पिवळ्याला धमक, हिरव्याला गार. कुट्ट बिचारा जन्मभर काळ्याच्या मागे उभा. हिरव्यापिवळ्याच्या वाटेला गेला नाही, त्याचं वेगळं नाव कुठल्या यादीत नाही.

गृहस्थांनी बांगडे परत घेतले, "मास्तर, तुमी बरेच उलयतात" (बोलता) म्हणाले आणि निघून गेले. 'बरेच'मधल्या 'च'वर जोर होता.

संध्याकाळी अध्यक्षांनी नमुना पाहिला. "सगळेच ठळक, मग दिसतं कोण? उठाव नाही याला." उठाव यायचा तर कोणीतरी दबायला हवं. कोण, यावर फार चर्चा झाली नाही. अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुम्ही समजूतदार." मला हा शब्द शाळेपासून ठाऊक आहे. सहलीच्या बसमध्ये जागा कमी पडली की मुख्याध्यापक तो माझ्यासाठी वापरत आणि मी तीन तास उभा राहून जाई. 'उठाव'चा दुसरा अर्थ मला त्या रात्री अंथरुणात आठवला.

हँडबिलात प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि खास उपस्थिती अशा तीन ओळी आहेत. यांतला फरक विचारू नका, तीन देणगीदार होते. शेवटी 'रसिकांनी उपस्थित राहावेच' असंच छापलंय. त्या मुलीने ऐकलं कोणाचं, तर बांगडेवाल्याचं. गावात मात्र हा माझा उद्धटपणा समजला जातोय. माझं नाव ध्वनिक्षेपकवाल्याच्या खाली आहे. तो ठळक आहे. आणि तो आमच्या गावचाही नाही.