पाकिटातल्या दहा गोळ्या का काढल्या? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. चिठ्ठी असूनही तासभर थांबवलं, वडिलांची बाकीची औषधं आणि किडनीचा रिपोर्ट मागितला, पॅक्सलोविड या कोविडवरच्या औषधाच्या ३० गोळ्यांतल्या १० काढून घेतल्या आणि तुमच्यासाठी दुसरं पाकीट दिलं नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. घरी तापाने फणफणलेलं माणूस असताना काउंटरवर उभं राहणं किती जड जातं, हे मला कळतं. तरीही पुढच्या पेशंटच्या बाबतीत मी हेच करीन.

या पाकिटात दोन औषधं असतात. विषाणूची वाढ रोखतं ते निर्माट्रेल्विर. रिटोनाविर इथे विषाणूसाठी नसतंच. निर्माट्रेल्विर यकृतात लवकर मोडून जाऊ नये म्हणून ते यकृतातलं एक एन्झाइम अडवून धरतं. तेच एन्झाइम इतर कितीतरी औषधंही मोडत असतं. सिमव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी सोबत चालू राहिली तर ती रक्तात साठते आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी काही औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या, हीही अशीच रक्तात साठतात. रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर उलट होतं, पॅक्सलोविडच निकामी ठरतं. म्हणून ती यादी मागितली. ती पाहिल्याशिवाय हे औषध माझ्या काउंटरवरून जात नाही.

आता काढलेल्या गोळ्यांचं. यकृताची वाट अडवली की निर्माट्रेल्विर मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा, ६० च्या खाली पण निदान ३० असेल, तर एका वेळी निर्माट्रेल्विरच्या दोनऐवजी एकच गोळी द्यायची असते, रिटोनाविर मात्र तेवढंच. दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे दहा गोळ्या कमी. पाकीट पूर्ण मात्रेचं होतं. डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला, त्यांनी मात्रा बदलून चिठ्ठी पाठवली, मगच गोळ्या काढल्या. वेळ गेला तो यात. लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत औषध सुरू व्हावं लागतं आणि तुमच्या वडिलांचं त्या मुदतीत सुरू झालं.

तुमच्यासाठी पाकीट दिलं नाही, कारण चिठ्ठी नव्हती. शिवाय तुम्ही तरुण आहात, इतर आजार नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दवाखान्यात भरती होण्याचा किंवा मृत्यूचा धोका ८९ टक्के कमी झालेला दिसला तो लस न घेतलेल्या, आजार बळावण्याचा धोका असलेल्या लोकांत, तीन दिवसांच्या आत औषध सुरू केल्यावर. धोका कमी असलेल्यांवरच्या चाचणीत लक्षणं लवकर गेल्याचं ठोस दिसलं नाही. मोल्नुपिराविर हे कोविडवरचं दुसरं औषध तरी द्या, असंही काही जण म्हणतात. त्याला अशा आंतरक्रियांची अडचण नाही हे खरं, पण त्याचा परिणाम कमी आहे, गरोदरपणात ते टाळतात आणि त्यालाही चिठ्ठी लागतेच.

वडिलांच्या तोंडाला कडवट, धातूसारखी चव येऊ शकते. त्यासाठी गोळ्या मध्येच सोडू नका. अंगावर पुरळ उठलं किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि वडिलांची या कोर्सपुरती थांबवलेली कोलेस्टेरॉलची गोळी कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आपणहून सुरू करू नका. रिटोनाविरचा असर त्यानंतरही काही दिवस टिकतो. तारीख डॉक्टरांकडूनच घ्या.