खरी अडचण मुदतीची आहे
राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात जाणं सामान्य माणसाला परवडत नाही, असं तुमच्याकडच्या लेखात म्हटलंय. ते पटलं नाही. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १००० रुपये आहे आणि पश्चिम विभागाचं खंडपीठ इथेच, पुण्यात आहे. लोक अडतात ते मुदतीपाशी. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानुसार वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर मूळ मुदत फक्त ३० दिवस!

आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यात रात्री राडारोडा टाकला जायचा. चार महिने आम्ही नुसते तक्रारअर्ज देत फिरलो. मग एका संस्थेच्या वकीलताई भेटल्या. एक पैसाही न घेता त्यांनी आम्हाला तारीखवार फोटो, विकास आराखड्याचा नकाशा, माहिती अधिकारातली कागदपत्रं गोळा करायला लावली. "इथे ओढा होता, हे आधी कागदावर दिसू द्या," असं त्या सारखं सांगायच्या. अशी मदत प्रत्येक वॉर्डात हवी, तीही पहिल्याच आठवड्यात. आम्हाला ती मिळेपर्यंत अर्धा ओढा बुजला होता.